कोकणातल्या फाल्गुन-चैत्रात लहान मुलांसोबत काय लावावं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पुण्याहून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी राहायला आलात. मुलगी 5 वर्षांची, मुलगा अडीच. वसंतात बाग सुरू करतात असं व्हिडिओंमध्ये पाहून फेब्रुवारीच्या शेवटी अंगणाच्या कडेला वाफे केलेत आणि टोमॅटो, गाजर, पालक, सूर्यफूल पेरलंत. थोडंफार उगवलं, तेही आठ-दहा दिवसांत वाळलं. विहिरीचं पाणी खाली चाललंय, सासूबाई पाण्यावरून बोलतात, मुलगी रोज सकाळी "आई, ते का मेलं?" म्हणून विचारते, आणि त्यात विंचू-सापाची धास्ती. तेव्हा पावसापर्यंत मुलांना मातीत रमवायचं कसं, की हा नादच सोडायचा?

नाद सोडू नका. मी दापोली तालुक्यात रोपवाटिका चालवते आणि गावच्या अंगणवाडीची परसबागही बघते. बाहेरून आलेल्या आईबापांचा हा प्रश्न मला दर मार्चमध्ये येतो. तुमचं बी खराब नव्हतं आणि मुलांचंही काही चुकलेलं नाही. तुम्ही ज्या वसंताचे व्हिडिओ पाहिलेत, तो बर्फ वितळल्यावर येणारा वसंत आहे. तिथे जमीन नुकती जागी होते, म्हणून पेरतात. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात जमीन पाणी सोडत असते आणि झाडं फळं पोसत असतात. आपली मोठी पेरणी मृगाची. त्यामुळे आत्ताच्या दिवसांत मुलांना द्यायची कामं वेगळी: थोडंसं झटपट उगवणारं, पुष्कळसं बघण्याचं आणि वेचण्याचं, आणि मे महिन्यात फळ खाल्ल्या खाल्ल्या लावायचं बी.

एक गोष्ट मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहे. घर आगरात आहे की सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, अंगाला? आगरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या जमिनीत, विहिरी सहसा उन्हाळाभर साथ देतात, पण माडा-पोफळींच्या सावलीत ऊन कमी मिळतं. सड्याच्या बाजूला ऊन भरपूर, पण जांभ्याची माती पाणी धरत नाही आणि विहीर एप्रिलात तळ दाखवते. तुमची विहीर आत्ताच खाली चालली आहे म्हणता, म्हणून मी तुम्ही चढावर राहता असं धरून लिहिते. आगरात असाल तर पाण्याची काटकसर थोडी सैल करा आणि वाफ्यासाठी सकाळचं ऊन येणारी जागा शोधा, बाकी सगळं तेच.

आता पेरलेलं का गेलं ते. गाजर आणि पालक थंडीची पिकं. आपल्याकडे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरली तर साधतात, तापलेल्या मातीत गाजर नीट उगवतच नाही. टोमॅटो जगला असता तरी आपल्या रात्री उबदार, त्यात फुलं गळतात आणि फळ धरत नाही. सूर्यफूल जमलं असतं, पण त्याचं कोवळं रोप बोटभर खोलीच्या मातीवर जगत असतं आणि जांभ्याची माती तेवढी खोल दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. तुम्ही संध्याकाळी पाणी घालत होतात. त्याआधी दुपारभर पश्चिमेचा खारा वारा रोपांना सुकवून गेलेला असतो. म्हणून पाणी सकाळी घाला, आणि वाफ्याच्या पश्चिमेला दोन झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) आडवे बांधा. एवढ्यानेही फरक दिसेल.

मुलीच्या "का मेलं" या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बागेइतकाच तोही महत्त्वाचा आहे. "रोप झोपलं", "देवाघरी गेलं" असं सांगू नका. पाच वर्षांच्या मुलाला खरं कारण पेलतं. "मुळं लहान होती, दुपारी माती सुकली, पाणी पुरलं नाही" एवढं सांगा आणि तिला वाफ्यातली माती बोटाने उकरून दाखवा: वर कोरडी, खाली किंचित ओल. मग तिला आंब्याखाली घेऊन जा. घरचं कलम नसेल तर शेजाऱ्यांचं असेल, किंवा रस्त्याकडेचा रायवळ, म्हणजे कलम न केलेला आंबा. या दिवसांत सकाळी झाडाखाली वाळका मोहोर आणि बारक्या कैऱ्यांचा सडा असतो. काही मुगाएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, काही गोटीएवढ्या, देठाकडे चीक सुकून काळा पडलेल्या. तिला त्या वेचू द्या आणि ओटीवर लहान ते मोठी अशा ओळीने मांडू द्या. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजाराच्या वर फुलं असतात आणि त्यातून शेवटी एखाद-दुसरा आंबा हाती लागतो, तोही सगळ्या तुऱ्यांना नाही. झाडाला जेवढी पोसता येतात तेवढीच फळं ते ठेवतं. हे तिने आपल्या हातांनी मांडून पाहिलं की वाफ्यातली चार रोपं गेल्याचं दुःख तिला स्वतःहून मापात बसवता येतं. अंगणवाडीत मी हेच करते, आणि मुलं दुसऱ्या दिवशी आपण होऊन झाडाखाली जातात. देठाचा ताजा चीक मात्र ओठाला, गालाला लागू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

आता झटपट उगवणाऱ्याकडे येऊ. सगळे वाफे सोडून द्या, एकच ठेवा, 3 फूट बाय 3 फूट. एवढ्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज साधारण अर्धी बादली पाणी लागतं, आणि ते विहिरीतून वेगळं काढावं लागत नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी दिवसभर एका बादलीत साठवा आणि सकाळी तेच घाला. एका दिवसाहून जास्त साठवू नका, वास येतो आणि डास होतात. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते केळीला आणि अळवाला जाऊ द्या. सासूबाईंना हा हिशेब आधी सांगा. पाण्याबद्दल त्या बोलतात ते मे महिना पाहिलेलं माणूस बोलतंय, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

वाफा करताना वीतभर माती काढून बाजूला करा. तळाशी नारळाची सोडणं रात्रभर भिजवून, खोलगट बाजू वर करून एकमेकांना लागून मांडा. त्यात पाणी साठून राहतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. माडाच्या आळ्यात आपले लोक हेच करत आले आहेत. त्यावर पालापाचोळ्याचा पातळ थर, मग दोन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत या मापाने वाफा भरा. सोडणं मांडण्याचं काम मुलांना फार आवडतं, अडीच वर्षांचा मुलगाही करतो. फक्त ढिगातून सोडणं मोठ्या माणसाने काढून, आपटून, झटकून द्यायची. का ते खाली लिहिते.

या वाफ्यात तांबडा माठ आणि चवळी. माठाचं बी खसखशीसारखं बारीक, मुलांच्या हातून एका जागी ढीग पडतो, आणि मुंग्या ते ओढून नेतात. म्हणून मूठभर चुलीच्या राखेत चमचाभर बी कालवा आणि मुलीला ती राख भुरभुरू द्या. राखेमुळे कुठे पडलं तेही दिसतं. चार-पाच दिवसांत लालसर रेघा दिसू लागतात, महिनाभरात भाजीजोगा होतो. चवळीचा दाणा लहान बोटांत बसतो, म्हणून ती धाकट्याला द्या. एकेक दाणा बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खाली ढकलायचा, एवढंच त्याचं काम.

याहून झटपट हवं असेल तर मेथी. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत काढतात ती बारीक समुद्रमेथी तुम्ही बाजारात पाहिली असेल, तोच प्रकार घरी करायचा. भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून चार बोटं पऱ्याची (ओढ्याची) वाळू भरा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. स्वयंपाकघरातलीच मेथी रात्रभर भिजवून दाट पसरा, वरून वाळूचा पातळ थर द्या, क्रेट पडवीत उजेडाला ठेवा आणि वाळू नुसती दमट राहील एवढं पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत वाळू वर उचलली गेलेली दिसते. तो क्षण मुलांना नक्की दाखवा: कोंब डोक्यावर वाळूचे कण घेऊन वाकलेले असतात आणि दुपारपर्यंत सरळ होतात. दहा-बारा दिवसांत दोन-अडीच इंचांची झाली की मुळांसकट उपटा, वाळू जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवा, आणि कांदा-लसणावर परतून ओलं खोबरं घाला. पालेभाजीला तोंड वाकडं करणारी मुलं ही भाजी खातात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. जेवढं आठवड्या-दोन आठवड्यांत ताटात येतं तेवढं या वयाला कळतं. त्याहून लांबचं वचन त्यांना पोचत नाही.

पाणी घालायला प्लॅस्टिकची झारी विकत आणू नका. नारळ फोडल्यावर डोळ्यांच्या बाजूची करवंटी घ्या. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने आरपार टोचा. बादलीत बुडवून उचलली की बारीक धार पडते. मुलाच्या हातून एका वेळी कपभरच पाणी जातं, त्यामुळे वाफ्यात चिखल होत नाही आणि बी उघडं पडत नाही. अंगणवाडीत आमच्याकडे प्रत्येकाची करवंटी ठरलेली असते.

कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची? अडीच वर्षांच्या मुलाकडून ओतणं, ढकलणं, वेचणं. तो उगवलेलं उपटूनही बघणार, त्यासाठी त्याला चवळीचे दोन दाणे वेगळ्या डब्यात लावून द्या आणि ते खुशाल उपटू द्या. मुलीला वाफ्याचा एक कोपरा तिचा म्हणून द्या आणि त्यात तुम्ही हात घालू नका, तिने वाकडं पेरलं तरी. दोघांनाही सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, एका वेळी पंधरा मिनिटं पुरे. आपल्या दमट उकाड्यात लहान मूल लवकर थकतं, आणि थकलं की किरकिरतं. त्यालाच आपण "कंटाळलं" म्हणतो.

शिमग्याचं आधीच धरून ठेवा. पालखी गावात फिरत असते तेव्हा घरात कोणाचं लक्ष वाफ्याकडे नसतं, आणि नसावंच. त्या दिवसांत कोवळं काही उभं राहणार नाही अशा बेताने मेथीचा क्रेट आधी उपटून घ्या किंवा पालखी परत गेल्यावर भरा. मे महिन्यात चाकरमानी मंडळी पोराबाळांसकट आली की तो एवढासा वाफा पायांखाली येणारच. तोपर्यंत माठ खाऊन झालेला असला म्हणजे कोणी कोणावर ओरडायला नको.

आणि खरं तर मे महिनाच मुलांच्या लागवडीचा आहे, तो चुकवू नका. फणसाच्या आठळ्या, आंब्याच्या कोयी, रातांब्याच्या (कोकमाच्या) बिया, ही सगळी बियाणी सुकली की मरतात. पाकिटात भरून ठेवता येत नाहीत, म्हणून बाजारात मिळतही नाहीत. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात बी मातीत गेलं पाहिजे. मुलांसोबत लावायला याहून सोपं काही मला माहीत नाही: गरा खायचा, आठळ धुवायची, दुधाच्या पिशवीत माती-शेणखत भरून आडवी दाबायची. पिशवीला खाली भोकं पाडा. ओल राहिली तर दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. आंब्याची कोय रायवळाची घ्या, रायवळाची रोपं दणकट होतात. तिची पहिली पानं तांबूस, लोंबती आणि हाताला मऊ लागतात, मुलांना ती नक्की हाताळू द्या. अशाच कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर पावसाच्या सुरुवातीला कोय कलम बांधतात. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कामामुळे ही पद्धत कोकणभर पोचली. तुमच्या मुलीच्या कोयीवर जवळचा एखादा कलमं बांधणारा माणूस हापूसची काडी बांधून देऊ शकेल. सगळी कलमं लागत नाहीत, म्हणून तीन-चार कोयी रुजवा.

सासूबाईंना या सगळ्यात मानाने घ्या. काकडी, पडवळ, शिराळी, कारली, भोपळा यांचं गावठी बी त्यांच्याकडे राखेत घोळवून ठेवलेलं असेल, नाहीतर कोणाकडे आहे ते त्यांना ठाऊक असेल. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी लावायची जुनी चाल आहे. पाणी असेल तर दोन आळी तेव्हा करा, नसेल तर आळी खणून, शेणखत भरून ठेवा आणि बी मृगाच्या पावसावर टाका. मांडव उभा करायला मुलांचे हात लागतात, आजीने सांगायचं आणि नातीने काटक्या पुरवायच्या. माझ्या अनुभवात घरातली परसबाग टिकते ती आजी सामील असलेल्या घरात, कारण आई कामात अडकली तरी दिवसभर तिथे डोळा असतो.

आता भीतीचं. ती रास्त आहे, पण तिच्यासाठी मुलांना मातीपासून तोडायची गरज नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल विंचू आणि जांभ्याच्या भागात फुरसं, ही दोन खरी काळजीची. दोन्ही गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) भेगांत, दगडांखाली, लाकडांच्या आणि सोडणांच्या ढिगात बसतात. म्हणून नियम असा: गडग्यात हात घालायचा नाही, दगड उचलायचा नाही, ढिगातलं काहीही मोठं माणूस काढून देईल. बागेत पायात बूट किंवा बंद चप्पल, रात्री बॅटरीशिवाय अंगणात नाही. वाफा गडग्यापासून चार-पाच हात दूर करा आणि त्यावरचं आच्छादन पातळ ठेवा, जाड थराखाली विंचू येतो. सकाळी काठीने एकदा चाळवून मगच मुलांना बोलवा.

लाल विंचू चावला तर लहान मुलाच्या बाबतीत घरी थांबून बघत बसू नका. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची चिन्हं, पण ती दिसायची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवावर काम करून प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला आणि त्यामुळे कोकणात पुष्कळ जीव वाचले. ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं असतं. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांपैकी काही करू नका. तो भाग हलू न देता रुग्णालयात पोचवा. 108 नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का, हे आजच विचारून घ्या.

कुंपणही एकदा फिरून बघा. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, गुंजा, धोतऱ्याची बोंडं आणि एरंडाच्या बिया विषारी आहेत, आणि गुंज तर इतकी देखणी की मुलं हमखास उचलतात. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात, वाऱ्यावर कुसं उडाली तरी अंगभर खाज सुटते. शेंगा दिसल्या तर मुलं घरात असताना ओल्या करून, वेल पुरता कापून टाका. ओल्या काजूबीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोंड मुलांना द्या, बी तुम्ही काढून घ्या. आंब्यावरच्या पानांच्या घरट्यातली ओंबील (लाल मुंगी) चावते, पण जीवाला धोका नाही. दुरून बघायला ती फार छान: पानं ओढून शिवताना मुंग्या एकमेकींना धरून साखळी करतात.

शेवटी तुम्ही विचारलंत की रोपवाटिकेतून तयार फुलझाडं आणून लावू का. आत्ता नको. पिशवीतलं रोप मार्च-एप्रिलमध्ये जमिनीत गेलं की त्याला रोज पाणी हवं, आणि तुमची विहीर ते देणार नाही. अगदीच हवंसं वाटलं तर अबोलीचं एक रोप कुंडीत, सकाळचं ऊन मिळेल असं पडवीत ठेवा. सोनचाफा, जास्वंद, बकुळ जे काही लावायचंय ते पाऊस नीट लागल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणा. खड्डे मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. खड्ड्यांजवळ कोणीही खेळत नाही ना याकडे लक्ष ठेवा.